दशमांश : अर्थ, हेतू आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दशमांशाविषयी विश्वासणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न असतात, ते मंडळीत सहसा मोठ्याने विचारले जात नाहीत. पैशाबद्दल विचारले तर आपला विश्वास कमी आहे असे समजले जाईल, अशी विचारणाऱ्याला भीती वाटते. आणि पाळकालाही हा विषय काढला की आपण स्वतःसाठीच मागत आहोत असा अर्थ निघेल, याचा संकोच असतो. पुढे हे प्रश्न लोक विचारतात तसेच घेतले आहेत. पवित्र शास्त्र जेथे स्पष्ट बोलते तेथे तसे सांगितले आहे, ख्रिस्ती लोकांमध्ये जेथे प्रामाणिक मतभेद आहेत तेथे तेही मांडले आहेत आणि माझे स्वतःचे मतही दडवलेले नाही.

दशमांश म्हणजे नेमके काय?

दशमांश म्हणजे दहावा भाग. हिब्रूतील ‘मआसेर’ हा शब्दही ‘दहा’ या संख्येवरूनच आला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तो धान्य, नवा द्राक्षारस, तेल आणि फळे अशा जमिनीच्या उपजाचा, तसेच गुरेढोरे व शेरडेमेंढरे यांचा द्यायचा होता. लेवीय पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात (२७:३०–३३) म्हटले आहे की काठीखालून जाणारे प्रत्येक दहावे जनावर परमेश्वरासाठी पवित्र आहे. ते चांगले आहे की वाईट याची चौकशी करायची नाही आणि त्याची अदलाबदलही करायची नाही.

हे कसे करायचे, याचे वर्णन यहूदी लोकांच्या मिश्ना या ग्रंथात आहे. मेंढरे वाड्यात कोंडायची, वाड्याला एवढेच अरुंद दार ठेवायचे की एका वेळी दोन बाहेर पडू शकणार नाहीत, आणि मालकाने दाराशी उभे राहून काठीने एक, दोन, तीन असे मोजत जायचे. दहावे बाहेर आले की त्याला तांबड्या रंगाची खूण करायची आणि ‘हा दशमांश’ असे म्हणायचे. दहावे कोकरू कळपातले सर्वांत धष्टपुष्ट निघो की मरतुकडे निघो, निवड मालकाच्या हाती नव्हती. लोकांना दाखवण्यासाठी उत्तम जनावर पुढे करता येत नव्हते आणि नुकसान टाळण्यासाठी रोडके जनावर पुढे ढकलताही येत नव्हते. दशमांशाचा पहिला अर्थ मला या दारातच दिसतो. कळप मुळात आपला नाही, हे मालक तेथे उभा राहून मान्य करत असे.

दशमांश नियमशास्त्रापासूनच सुरू झाला का?

नाही. नियमशास्त्राच्या कितीतरी आधी अब्रामाने लढाईतून परतताना शालेमचा राजा व परात्पर देवाचा याजक मलकीसदेक याला सर्वांचा दशमांश दिला (उत्पत्ती १४). पुढे याकोबाने बेथेल येथे नवस केला की देव माझ्याबरोबर राहिला, त्याने मला खायला अन्न व ल्यायला वस्त्र दिले, तर तो जे काही देईल त्याचा दशमांश मी त्याला अवश्य देईन (उत्पत्ती २८).

दशमांश नियमशास्त्राहून जुना आहे, म्हणून तो आजही जसाच्या तसा लागू आहे, असे काही शिक्षक सांगतात. हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही, कारण सुंतादेखील मोशेहून जुनी आहे आणि प्रेषितांनी ती परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर लादली नाही. शिवाय अब्रामाने दिलेला दशमांश लढाईत मिळालेल्या मालमत्तेचा होता आणि उरलेल्यातले सुताचे एक टोक किंवा वहाणेचा बंदही त्याने स्वतःसाठी ठेवला नाही. तरी या दोन कथांमधून एक गोष्ट निश्चित दिसते. हुकूम नसतानाही, देवाकडून मिळाले आहे हे ओळखणाऱ्या माणसाचा हात मोकळा होतो.

इस्राएलात हा दशमांश कोणाला मिळत असे?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण दशमांश कोठे पोहोचत होता हे पाहिले की तो कशासाठी होता हे आपोआप उलगडते.

गणना १८ प्रमाणे दशमांश लेव्यांना मिळत असे. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा इतर वंशांप्रमाणे लेव्यांना स्वतंत्र प्रांत वतन म्हणून मिळाला नाही. त्यांचे काम दर्शनमंडपाची आणि पुढे मंदिराची सेवा हे होते. ज्याला वतनाची जमीन नाही त्याच्या घरी पुरेसे धान्य कोठून येणार? ते इतर वंशांच्या खळ्यांवरून येत असे. लेव्यांनाही देण्यातून सूट नव्हती, कारण मिळालेल्या दशमांशाचा दशमांश त्यांनी याजकांना द्यायचा होता. जो अर्पण स्वीकारतो त्याने स्वतःही अर्पण करायचे, ही शिस्त आजच्या प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक मंडळीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अनुवाद १४ मध्ये जे सांगितले आहे, ते पहिल्यांदा वाचणाऱ्याला आश्चर्याचे वाटते. तेथे दशमांश देणाऱ्यानेच आपल्या घराण्यासह, परमेश्वर निवडील त्या स्थळी जाऊन, त्याच्यासमोर खायचा आहे. ते स्थळ लांब असेल तर उपज विकून पैसे गाठीला बांधून न्यावेत, तेथे मनाला वाटेल ते विकत घ्यावे आणि आनंद करावा. फक्त आपल्या गावातल्या लेव्याला विसरू नये. त्याच अध्यायाच्या शेवटी दर तिसऱ्या वर्षाची आज्ञा आहे. त्या वर्षीचा दशमांश आपापल्या गावातच साठवायचा, म्हणजे लेवी, उपरी, पोरका आणि विधवा येतील व पोटभर जेवतील.

यहूदी परंपरेने या उताऱ्यांची सांगड अशी घातली की लेव्यांसाठीचा पहिला दशमांश वेगळा, यरुशलेमेत खाण्याचा दुसरा दशमांश वेगळा, आणि सात वर्षांच्या चक्रातील तिसऱ्या व सहाव्या वर्षी या दुसऱ्याच्या जागी गरिबांचा दशमांश. म्हणजे जमीन कसणाऱ्या इस्राएली माणसाचे देणे एका दहाव्या हिश्शावर थांबत नव्हते. प्रथमउपज आणि शेताच्या कडेला न कापता सोडायचे पीक हे त्याशिवाय होते. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची असल्याने हे दशमांश नसत.

याच्याशेजारी १ शमुवेल ८ वाचावे. लोक राजा मागतात तेव्हा शमुवेल त्यांना बजावतो की राजा तुमच्या धान्याचा व द्राक्षमळ्यांचा दहावा भाग घेईल आणि आपल्या अंमलदारांना व सेवकांना देईल. हिस्सा दोन्हीकडे दहावाच आहे. देवाच्या नावाने दिलेला दहावा भाग विधवेच्या ताटात जातो आणि राजाने घेतलेला दरबारात जिरतो. कोणत्याही मंडळीच्या कारभाराकडे पाहताना यांपैकी कोणते चित्र दिसते, हे विचारायला मी कचरत नाही आणि इतरांनीही कचरू नये.

मलाखी संदेष्टा म्हणतो, ‘तुम्ही देवाला लुबाडता’. हे वचन आपल्याला लागू आहे का?

मलाखी ३:८–१० हा दशमांशाविषयी सर्वाधिक ऐकवला जाणारा उतारा आहे, पण बहुतेक वेळा तो त्याच्या काळापासून तोडून ऐकवला जातो. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांचा तो काळ होता. जवळपास त्याच काळातल्या परिस्थितीचे चित्र नहेम्या १३ मध्ये आहे. लेव्यांचे हिस्से त्यांना मिळत नव्हते, म्हणून ते मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. आणि जेथे पूर्वी धान्याचे दशमांश, द्राक्षारस व तेल ठेवत, ती मंदिरातली मोठी खोली एल्याशीब याजकाने तोबीया या अम्मोनी माणसाला राहायला दिली होती. यहूदाचा सुभेदार नहेम्या याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करून घेतल्या, लेव्यांना परत बोलावले आणि भांडारांवर विश्वासू माणसे नेमली. मलाखी ज्या भांडारात दशमांश आणायला सांगतो ते भांडार म्हणजे अशी धान्याची कोठारे होत. ती रिकामी असली की लेवी आणि गरीब दोघेही उपाशी राहत.

आणखी एक गोष्ट. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी दाबून ठेवणारे, विधवा व पोरके यांच्यावर जुलूम करणारे आणि उपऱ्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव साक्ष देतो. जो आपल्या कामगाराचे वेतन अडवतो आणि दशमांश मात्र चोख भरतो, त्याने पाचवे वचन ओलांडून दहाव्याकडे उडी मारू नये.

आकाशकपाटे उघडून आशीर्वाद ओतण्याचे दहाव्या वचनातील अभिवचन कराराखालील एका राष्ट्राला, त्याच्या शेतांविषयी व द्राक्षवेलींविषयी दिलेले आहे. देव उदार आहे, हे त्यातून आपण नक्की शिकावे. पण ते प्रत्येकाच्या वैयक्तिक मिळकतीवरचे ठरलेले व्याज नव्हे.

येशूने दशमांशाविषयी काय सांगितले?

शुभवर्तमानांत याविषयी फार थोडे आहे. मत्तय २३:२३ मध्ये तो शास्त्री व परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांना म्हणतो की पुदिना, शेप व जिरे यांचा तुम्ही दशमांश देता, पण न्याय, दया व विश्वास या नियमशास्त्रातील मुख्य गोष्टी सोडता. या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. म्हणजे दशमांशाची तो टर उडवत नाही. पण जिऱ्याचे दाणे मोजणाऱ्या त्याच बोटांतून न्याय निसटून जातो, हे तो स्पष्ट दाखवतो. लूक १८ मधील परूशी तर आपल्या सगळ्या मिळकतीचा दशमांश प्रार्थनेत देवालाच ऐकवतो आणि नीतिमान न ठरता घरी जातो.

मंदिराच्या भांडारात दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट (मार्क १२) अर्पणाच्या वेळी नेहमी सांगितली जाते. तिने दहावा भाग दिला नाही, होते ते सर्व दिले, आणि येशूने तिचा गौरव केला. मात्र या घटनेच्या अगदी आधीच्या वाक्यात तो विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी सावध करतो. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रेषितांच्या मंडळ्यांमध्ये दशमांश होता का?

प्रेषितांच्या पत्रांत ख्रिस्ती मंडळीला दशमांश देण्याची आज्ञा कोठेही नाही. इब्री ७ मध्ये दशमांशाचा उल्लेख आहे, पण तो ख्रिस्ताचे याजकपण लेव्यांच्या याजकपणाहून श्रेष्ठ आहे हे दाखवण्यासाठी. देण्याविषयीची शिकवण मात्र भरपूर आहे. यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या प्राप्तीच्या मानाने, काही वेगळे काढून जवळ ठेवावे (१ करिंथ १६:२). यात नियमितपणा आहे, प्रत्येकाचा सहभाग आहे, प्रमाणही आहे. ठरलेला आकडा मात्र नाही. दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत तो मासेदोनियातील मंडळ्यांविषयी सांगतो, ज्यांनी कमालीच्या दारिद्र्यातही शक्तीपलीकडे दिले आणि त्याआधी स्वतःलाच प्रभूला देऊन टाकले. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून नव्हे, असेही तो सांगतो.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन लिहितो की मंडळीत प्रत्येक जण दर महिन्याला किंवा आपल्याला वाटेल तेव्हा, इच्छा व ऐपत असेल तरच, ठेव ठेवतो. आणि ती ठेव गरिबांना जेवू घालणे व त्यांना मूठमाती देणे, अनाथ मुले, घरात अडकून पडलेले वृद्ध दास आणि जहाज फुटून निराधार झालेले लोक यांच्यासाठी खर्च होते.

मग ख्रिस्ती माणसावर दशमांश बंधनकारक आहे की नाही?

याबाबत प्रामाणिक मतभेद आहेत. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांसारख्या मंडळ्या आणि अनेक पेंटेकॉस्टल व बॅप्टिस्ट मंडळ्या दशमांश ही आजही पाळायची शिकवण मानतात. रोमन कॅथलिक मंडळीच्या कायद्यात मंडळीच्या गरजांना हातभार लावण्याचे कर्तव्य सांगितले आहे, पण टक्केवारी ठरवलेली नाही. इतर अनेक मंडळ्या दशमांशाकडे कायदा म्हणून न पाहता उपयोगी माप म्हणून पाहतात.

माझे मत या शेवटच्या गटाच्या जवळ आहे. दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसने म्हटले होते की यहूदी आपल्या मालाचा दशमांश देत, पण ज्यांना स्वातंत्र्य मिळाले आहे ते आपले सर्वच प्रभूच्या कामासाठी वेगळे ठेवतात. हे मान्य केले तर दशमांश हे छप्पर उरत नाही, जमीन होते. ज्याच्या गरजा भागून बरेच उरते, त्याने दहा टक्क्यांवर समाधान मानणे म्हणजे कृपेखाली राहून नियमशास्त्राहूनही स्वस्तात सुटणे होय. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने आपल्या एका प्रवचनात एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो त्याचा स्वतःचाच असावा असे मानले जाते. पहिल्या वर्षी त्याला ३० पौंड मिळाले, २८ मध्ये त्याने भागवले व २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तेव्हाही २८ मध्येच भागवून ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ आणि चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ दिले. त्याने देण्याची टक्केवारी ठरवली नव्हती. स्वतःसाठी किती पुरे, एवढे ठरवले होते.

दशमांश इतिहासात कर कसा झाला?

पहिली काही शतके देणे ऐच्छिक होते. ५८५ साली गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) माकोन येथील धर्मपरिषदेने दशमांश देण्याचा आदेश दिला, आणि ७७९ साली फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या फर्मानाने तो राजाज्ञेने वसूल होऊ लागला. त्यानंतर शेकडो वर्षे युरोपातील शेतकऱ्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी उचलली जात असे, आणि पुष्कळदा तिचा हक्क गावच्या याजकाकडून मठांकडे किंवा जमीनदारांकडे गेलेला असे. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत तो रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूपी दशमांशाच्या जागी रोख आकारणी आली. सक्तीने घेतलेल्या दशमांशाने लोकांच्या मनात मंडळीविषयी किती कडवटपणा साठला, हे विसरून आज पुन्हा सक्तीची भाषा वापरणे शहाणपणाचे नाही.

दशमांश एकूण उत्पन्नावर काढावा की कर वजा होऊन हातात येणाऱ्या रकमेवर?

पवित्र शास्त्रात याचे थेट उत्तर नाही. प्रथमउपजाच्या तत्त्वावरून बरेच जण एकूण उत्पन्न धरतात. व्यापारी किंवा शेतकरी मात्र खर्च वजा करूनच आपली खरी प्राप्ती ओळखू शकतो. जे ठरवाल ते देवासमोर ठरवा, पाळा आणि दुसऱ्याचा हिशेब तपासू नका.

आजारपणामुळे मी दशमांश थांबवला आहे. मी शापाखाली आहे का?

नाही. मलाखी ३:९ मधील शापाच्या भीतीने हा प्रश्न रडवेल्या आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर अगदी स्पष्ट देतो. ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापापासून खंडणी भरून सोडवले आहे (गलती ३:१३). तुमच्या औषधाचे पैसे दानपेटीत पडले नाहीत म्हणून तो शाप परत येत नाही. जवळ जे आहे त्यावरून दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, असे पौल म्हणतो (२ करिंथ ८:१२). आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले आहे असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत दोष दिला (मार्क ७). कर्जाचे तसेच आहे. घेतलेले परत करणे हीदेखील देवाची आज्ञा आहे, आणि सावकाराचे पैसे थकवून दिलेले अर्पण हे दुसऱ्याच्या खिशातून दिलेले अर्पण असते.

खरे तर अशा वेळी तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाची आज्ञा आठवावी. आजारी, कर्जबाजारी किंवा विधवा विश्वासणाऱ्याने आधी पुढे करायचे ते रिकामे ताट. ते भरणे मंडळीचे काम आहे, आणि मागायला त्याला लाज वाटत असेल तर मंडळीने न मागता भरावे.

दशमांश दिला की आर्थिक भरभराट होते का?

देणाऱ्याला देव विसरत नाही, असे पवित्र शास्त्र सांगते. २ करिंथ ९ मध्ये पेरणी-कापणीचा दाखला आहे. पण तेथे पीक कशासाठी येते ते पाहावे. सर्व प्रकारच्या औदार्यासाठी, म्हणजे पुन्हा देता यावे म्हणून. मासेदोनियातील उदार मंडळ्या श्रीमंत झाल्या असे पौल कोठेही म्हणत नाही, आणि स्मुर्णा येथील मंडळीला प्रभू तिचे दारिद्र्य ठाऊक असूनही ‘तू धनवान आहेस’ असे म्हणतो (प्रकटीकरण २:९). इतके द्या म्हणजे इतके पट मिळेल, असा भाव जो व्यासपीठावरून सांगतो तो कृपेचा बाजार मांडतो. गरीब माणूस आपल्या मुलांच्या तोंडचा घास काढून त्याला देतो, म्हणून या शिकवणीला मी केवळ चूक म्हणून सोडून देऊ शकत नाही.

सर्व दशमांश स्थानिक मंडळीलाच द्यावा का? गरजूंना थेट दिला तर चालेल का?

जी मंडळी तुम्हाला वचन शिकवते, आजारात तुमच्या घरी येते आणि तुमच्या मुलांना सांभाळते, तिचा भार उचलणे हे तुमचे पहिले कर्तव्य आहे. शिक्षण घेणाऱ्याने शिकवणाऱ्याला सर्व चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा, असे गलती ६:६ मध्ये म्हटले आहे. पण ‘भांडार म्हणजे फक्त स्थानिक मंडळी’ हा अर्थ मलाखीच्या शब्दांवर लादलेला आहे. शेजारच्या उपाशी घरात दिलेले धान्यही तिसऱ्या वर्षाच्या आज्ञेत बसते.

एका व्यक्तीच्या हातात, पावतीशिवाय, मोठी रक्कम देऊ नये. पौलासारखा प्रेषितही वर्गणी घेऊन एकटा गेला नाही. या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्याला दोष देऊ नये, म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेले भाऊ बरोबर घेतले. प्रभूच्याच दृष्टीने नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करण्याची आमची काळजी आहे, असे त्याने लिहून ठेवले (२ करिंथ ८:२०–२१). म्हणून मंडळीकडे हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे.

जोडीदाराला मान्य नसेल तर?

संसाराच्या सामाईक पैशातून लपवून देऊ नये. तुमच्या स्वतःच्या हाती जे आहे त्यातून द्या, आणि उरलेल्यासाठी धीराने बोला. घरातला विश्वास मोडून केलेले अर्पण देवाने मागितलेले नाही.

एकदा दिले की आपली जबाबदारी संपते का?

अनुवाद २६:१२–१५ मध्ये तिसऱ्या वर्षीचा दशमांश देऊन झाल्यावर इस्राएली माणसाने परमेश्वरासमोर काय बोलायचे, ते शब्दशः दिले आहे. मी पवित्र वस्तू माझ्या घरातून बाहेर काढल्या आहेत. लेवी, उपरी, पोरका आणि विधवा यांना त्या दिल्या आहेत. सुतकात असताना मी त्यातले काही खाल्ले नाही, अशुद्ध असताना काही काढले नाही. ‘मी इतके दिले’ असा आकडा त्या निवेदनात नाही. ज्यांना मिळाले ते चौघे आहेत. हे सांगून झाल्यानंतरच तो प्रार्थना करतो की तुझ्या पवित्र निवासस्थानातून, स्वर्गातून, खाली पाहा आणि तुझ्या लोकांना व तू दिलेल्या या भूमीला आशीर्वाद दे. वर्षाच्या शेवटी आपला हिशेब मांडताना रकमेच्या रकान्याशेजारी एक रकाना या चौघांसाठी ठेवावा, आणि तो कोरा राहिला असेल तर पुढच्या महिन्याचा दशमांश कोठे न्यायचा, ते त्याच पानावर लिहावे.